काट्याचा स्पीड वाढवला आणि वजन गोठलं : एका वजनकाट्याच्या नोंदी

काम थोडक्यात असं. सोलापुरात हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाजवळ एक खासगी वजनकाटा आहे, ६० टनी. काट्याच्या केबिनमध्ये इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं आणि पुढं पाठवणारं यंत्र), त्याला जोडलेला कॉम्प्युटर, आणि बाहेर खांबावर ड्रायव्हरला दिसेल असा मोठा लाल आकड्यांचा बोर्ड. नोव्हेंबरात कॉम्प्युटर गेला. मालकांनी नवा घेतला, नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला सांगितलं, "इंडिकेटर याला जोडून द्या, आणि कॉम्प्युटर केबिनमध्ये नको, ऑफिसात ठेवा." केबिन ते ऑफिस तारेच्या वाटेनं १८० फूट. कांद्याचा हंगाम सुरू होता, रात्रंदिवस गाड्या. मी म्हटलं, दोन दिवसांत होतंय. सव्वा महिना लागला. असंच काम कुणाच्या अंगावर पडलं तर निदान माझ्या चुका तरी परत करू नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी इथं उतरवतोय.

३ डिसेंबर २०२४

जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं तर आत कांद्याची टरफलं. पंख्यानं ओढून घेतलेली. मदरबोर्ड जळालेला, हार्ड डिस्क फिरत नाही. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा काय स्पीड (सेकंदाला किती बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा) टाकला होता ते कळायचा मार्ग बंद. इंडिकेटरचं माहितीपुस्तक नाही. इंडिकेटरच्या बाजूला सेटिंगचा कागद चिकटवलेला होता, त्याचा फक्त डिंक शिल्लक आहे. काट्यावर बसणारे अण्णा वीस वर्षं तिथंच आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पूर्वी एक पोरगं आलतं, त्यानं केलं, गेलं."

नव्या कॉम्प्युटरला जुना नऊ पिनांचा पोर्ट नाही, त्यामुळं यूएसबी ते सिरियलची वायर लागणार. नवी पेठेतून २८० रुपयांची आणली. लावली, तर तिचा ड्रायव्हर (विंडोजला वायर ओळखायला लावणारा प्रोग्राम) बसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण, आणि नावाच्या जागी ही चिप २०१२ पासून बंद झाली, पुरवठादाराला विचारा अशा अर्थाची इंग्रजी ओळ. पीएल-२३०३ जातीच्या जुन्या चिपा आणि त्यांच्या नकला नवीन ड्रायव्हरला चालत नाहीत. जुना ड्रायव्हर शोधून बसवला, विंडोजनं अपडेट करून परत नवा टाकला. असा अर्धा दिवस गेला.

४ डिसेंबर

एफटीडीआय कंपनीच्या चिपची वायर आणली, ₹१,१५०. पहिल्याच झटक्यात कॉम ३ (विंडोजनं पोर्टला दिलेलं नाव) म्हणून आली. काट्याला जोडण्याआधी वायरच्या पिन २ आणि ३ एका तुकड्यानं जोडल्या आणि पुटी (पोर्टवर येणारी अक्षरं दाखवणारा प्रोग्राम) उघडून टाइप केलं. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत उमटलं, म्हणजे वायर आणि ड्रायव्हर ठीक. ही दोन मिनिटांची चाचणी काल केली असती तर दुपार वाचली असती.

मग इंडिकेटर. कुठल्या पिनेतून तो बोलतो हे माहीत नव्हतं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, काळा प्रोब पिन ५ वर (ती जमिनीची, म्हणजे ग्राउंडची), लाल आधी २ वर, मग ३ वर. ज्या पिनेवर उणे आठ-नऊ व्होल्टच्या आसपास दिसलं ती बोलणारी पिन, दुसरी जवळजवळ शून्य. आरएस-२३२ मध्ये (या सिरियल जोडणीची पद्धत) गप्प बसलेली लाइन उणे व्होल्टवर असते. हा इंडिकेटर सतत डेटा सोडतो, म्हणून मीटरचा आकडा थोडा हलत होता, पण उणे हे नक्की. बोलणारी पिन कॉम्प्युटरच्या पिन २ ला नेली. पिन ५ ला पिन ५.

९६०० ला उघडलं, कचऱ्याचा धबधबा. १२०० ला कचराच, पण सावकाश आणि कमी. एक ठोकताळा इथं मिळाला: अक्षरं वाजवीपेक्षा जास्त पडत असतील तर आपला स्पीड जास्त आहे, कमी पडत असतील तर कमी. मधला ४८०० वगळून थेट २४०० टाकला आणि ओळीनं +००००००० +००००००० यायला लागलं. काटा रिकामाच होता, बरोबर शून्य! संध्याकाळचे सहा वाजले होते. मालकांना फोन करून "जमलं" म्हणून सांगितलं आणि घरी गेलो.

५ डिसेंबर

जमलं नव्हतं.

सकाळी पहिली गाडी रिकामी आली. बोर्डवर ५,९६०, माझ्या स्क्रीनवर ५९६०. झकास. मागोमाग कांद्याची भरलेली आली. बोर्डवर १४,८७०. माझ्या स्क्रीनवर +००±´¸·० असलं काहीतरी. गाडी उतरली, परत शून्य बरोबर. पुढची रिकामी आली, ६,३५०, तीही बरोबर.

रिकामी बरोबर, भरलेली चूक. मी काढलेला निष्कर्ष असा की भरलेल्या गाडीनं काटा हादरतो, त्यानं केबिनमधल्या तारेचा जोड हलतो. दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे डाग दिले, ₹१४० आणि तीन तास. तार भिंतीला क्लिपांनी घट्ट केली. नंतरची भरलेली गाडीही कचरा.

दुपारी गाड्या थोड्या थांबल्या तेव्हा दोन हमाल सावलीला बसले होते. त्यांना म्हटलं, जरा काट्यावर उभे रहा. दोघं उभे राहिले, बोर्डवर १३०. माझ्या स्क्रीनवर ±३०. दोघंही पुतळ्यासारखे उभे, हादरा कसला? इथं माझा हादऱ्याचा सिद्धान्त पडला. मग एकेकाला उभं केलं. एक ६० किलो, ६० बरोबर. दुसरा ७०, तर ·०. साठवाल्याच्या खांद्यावर ५० ची गोणी दिली, ११०, तर ±±०. सत्तरवाल्याला दिली, १२०, ±²०. (या काट्यावर २०० किलोच्या खाली वजन करून पावती द्यायची नसते. हे फक्त आकड्यांसाठी चाललं होतं.) अण्णा खिडकीतून बघत होते. "काय करलालाव ओ, माणसं तोलायचा काटा केलाव का?"

संध्याकाळपर्यंत वहीत दोन रकाने झाले. बरोबर येणारे: ०, ३, ५, ६, ९. बिघडणारे: १, २, ४, ७, ८. आणि बिघडणारा प्रत्येक वेळी एकाच चिन्हात बिघडतो, १ म्हणजे ±, २ म्हणजे ². सैल जोड असा शिस्तीत बिघडत नसतो.

भाचीला फोन केला, ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रकाने वाचून दाखवले. ती मिनिटभर गप्प, मग म्हणाली, "मामा, ते सात बिट आणि इव्हन पॅरिटी असेल. तू आठ बिट, पॅरिटी नाही, असं ठेवलंयस ना?" हो, तेच ठेवलं होतं, सगळीकडं तेच असतं म्हणून. तिनं सांगितलेला हिशेब असा: प्रत्येक अक्षराचा सात बिटांचा कोड असतो, आणि आठवा बिट, म्हणजे पॅरिटी, त्यातल्या एकांची संख्या सम (इव्हन) करायला लावतात. १ च्या कोडमध्ये तीन एक असतात, विषम, म्हणून इंडिकेटर आठव्या जागी आणखी एक लावून सम करतो. मी आठवी जागा अक्षराचाच भाग धरल्यामुळं १ चा ± होतो. ३ च्या कोडमध्ये चार एक, आधीच सम, म्हणून ३ सुटतो. शून्यात दोन, तोही सुटतो. म्हणूनच रिकामा काटा मला काल फसवू शकला. ५,९६० आणि ६,३५० मध्येही एकसुद्धा बिघडणारा आकडा नव्हता, हा निव्वळ योगायोग.

२४००, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) टाकलं. पुढची गाडी १६,४२०. स्क्रीनवर १६४२०.

चाचणी शून्यावर घेऊ नका. काट्यावर असं वजन पाहिजे ज्यात १, २, ४, ७, ८ मधला निदान एक तरी आकडा आहे.

८ डिसेंबर

सॉफ्टवेअर बसवलं. अजून कॉम्प्युटर केबिनमध्येच, दोन मीटरच्या तारेवर. वजन येतंय, पण उशिरा. गाडी काट्यावर चढून उभी राहिली, बोर्डवर आकडा स्थिर झाला, तरी स्क्रीनवर वजन हळूहळू वर चढतंय, जणू गाडी अजून येतेच आहे. अण्णांनी एक युक्ती शोधली: वजनाची खिडकी बंद करून परत उघडायची, म्हणजे पहिलाच आकडा बरोबर येतो. ते प्रत्येक गाडीला तसं करायला लागले.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "२४०० आहे का? फार स्लो आहे सर, ९६०० करा." मलाही ते पटलं. कुणालाही पटेल.

९ डिसेंबर

स्पीड इंडिकेटरमध्येही बदलायला हवा, आणि मेनूला पासवर्ड. या इंडिकेटरचं काम पूर्वी करणारा मिस्त्री आता गुलबर्ग्याला असतो, त्याचा नंबर अण्णांच्या डायरीत सापडला. त्यानं फोनवर पासवर्ड सांगितला, पैसे घेतले नाहीत, एवढंच बजावलं की कम्युनिकेशनचाच मेनू उघडा, कॅलिब्रेशनला (वजनाच्या जुळणीला) हात लावू नका आणि मागचं सील तोडू नका. वैधमापनवाल्यांचं दरवर्षीचं मुद्रांकन त्या सिलावर असतं. ते तुटलं तर काटाच बंद ठेवावा लागतो.

मेनूत ३०० पासून ९६०० पर्यंत पर्याय होते. ९६०० केला, सॉफ्टवेअरमध्येही ९६००. लगेच बाहेरचा बोर्ड आडव्या रेघा दाखवायला लागला. तो त्याच तारेवर जोडलेला आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. शिडी आणली, बोर्डचं झाकण काढलं. आत चार छोटे स्विच, १२००, २४००, ४८००, ९६००. तोही ९६०० वर नेला. मग अण्णांना सांगितलं, आता खिडकी बंद-उघड करायची गरज नाही, स्पीड चौपट झालाय.

तासाभरात भांडण. एक गाडी वजन करून उतरली, १५,३२०. मिनिटभरानं दुसरी चढली. अण्णांनी स्क्रीनवर स्थिर आकडा बघून पावती काढली: १५,३२०. दुसरी गाडी मोहोळची होती. ड्रायव्हरनं खाली उतरून बोर्ड बघितला, तिथं १३,९८०. "माझी गाडी काय तासात वाढली का ओ?" त्याचं बरोबरच होतं. १,३४० किलो कांद्याचा फरक. सॉफ्टवेअरमध्ये वजन स्थिर झाल्याशिवाय पावती निघत नाही अशी सोय आहे, पण गोठलेलं वजन स्थिरच दिसणार! पावती रद्द केली, नवी हातानं लिहून दिली. मालक काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडं बघितलं. ते जास्त लागलं. "बंद-उघड करायची गरज नाही" हे मीच सांगितलं होतं.

रात्रीपर्यंत अण्णा परत खिडकी बंद-उघड करत बसले.

११ डिसेंबर

काल दिवसभर दुसरी कामं. आज पाण्याचा दिवस, सकाळी नऊपर्यंत घरातून हलता आलं नाही. टाकी भरेपर्यंत पावतीपुस्तकाच्या मागं हिशेब मांडला, जो ८ तारखेलाच मांडायला हवा होता.

इंडिकेटरची एक ओळ दहा अक्षरांची: सुरुवातीची खूण, अधिक-उणे चिन्ह, सात आकडे, शेवटची खूण. एका अक्षराला दहा बिट (स्टार्ट १, डेटा ७, पॅरिटी १, स्टॉप १). म्हणजे ओळीला १०० बिट. २४०० ला सेकंदाला २४ ओळी. ९६०० ला ९६ ओळी. इंडिकेटर थांबत नाही, एक ओळ संपली की दुसरी.

सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन करून एकच प्रश्न विचारला: तुमचा प्रोग्राम पोर्टवरून ओळ किती वेळानं उचलतो? "पाव सेकंदाला एक, सर." सेकंदाला चार.

चोवीस येतात, चार उचलतो. वीस रांगेत साठतात, आणि प्रोग्राम रांगेतली सगळ्यात जुनी ओळ आधी उचलतो. त्यामुळं २४०० ला स्क्रीनवर सगळं सहापट सावकाश घडतं. ९६०० ला चोवीसपट. मी चौपट स्पीड करून चौपट बिघडवलं होतं. रांगेची जागा ४०९६ अक्षरांची निघाली, ती ९६०० ला साडेचार सेकंदांत भरते, आणि सेकंदाला ४० अक्षरं उचलून ती रिकामी व्हायला पावणेदोन मिनिटं लागतात. मोहोळच्या गाडीला आधीच्या गाडीचं वजन का लागलं ते इथं कळलं. खिडकी बंद केली की रांग पुसली जाते, म्हणून अण्णांची युक्ती चालत होती. त्यांनी रोगाचं ठिकाण पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, मी औषध दुसरीकडं लावत होतो.

मग उलटा विचार केला. ३०० ला सेकंदाला तीनच ओळी येतील, चारपेक्षा कमी, रांग लागणारच नाही. दुपारी इंडिकेटर ३०० वर नेला. स्क्रीनवरचं वजन गाडीबरोबर चालायला लागलं, उशीर नावालाही नाही. स्पीड कमी करून काम वेगात! पण बाहेरचा बोर्ड परत आडव्या रेघा. त्याच्या स्विचांत सगळ्यात कमी १२००, आणि १२०० ला सेकंदाला १२ ओळी, म्हणजे तिपटीचा उशीर. बोर्ड बंद ठेवून काटा चालवायचा तर ड्रायव्हर कुणी ऐकणार नाही, आणि परवाच्या प्रकारानंतर तर नाहीच.

शिडी. बोर्ड २४०० वर, इंडिकेटर २४०० वर. जिथून निघालो तिथंच.

१४ डिसेंबर

सॉफ्टवेअरवाल्यांना नेमकं काय बदलायचं ते लिहून पाठवलं: ओळ उचलायच्या आधी जुनी रांग पुसा, किंवा रांगेतली शेवटची पूर्ण ओळ घ्या. बदल एका ओळीचा. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघू.

भाची शनिवारी आली. तिनं आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी माझ्या टेबलावर ठेवली आणि पायथन भाषेत चाळीस ओळींचा मधला प्रोग्राम लिहायला बसली. काम एवढंच: कॉम ३ वर जे येईल ते सगळं लगेच ओढून घ्यायचं, त्यातली शेवटची पूर्ण ओळ तेवढी ठेवायची, आणि ती सेकंदाला तीनदा एका आभासी पोर्टवर पुढं द्यायची. सॉफ्टवेअर त्या आभासी पोर्टला खरा काटा समजतं. आभासी पोर्टची जोडी कॉम-झिरो-कॉम नावाच्या मोफत साधनानं केली. नव्या आवृत्तीवर डिजिटल सही नसल्यानं विंडोजनं ती नाकारली, सही असलेली जुनी आवृत्ती चालली. तिथं तास गेला.

ओळ पूर्ण आहे की नाही हे तपासायची अट मी कडक ठेवायला लावली: सुरुवातीची खूण, शेवटची खूण, मधे नेमकी आठ अक्षरं, त्यात एक चिन्ह आणि सात आकडे. एकही कमी-जास्त तर ओळ फेकायची. फेकलेल्या ओळी मोजायचा एक आकडा कोपऱ्यात दाखवायचा. हा आकडा पुढं फार कामाला आला.

एका गोष्टीवर आमचं वाजलं. ती म्हणाली, "मामा, आठवा बिट प्रोग्राममध्येच उडवला तर सात-आठची भानगडच राहत नाही." चाललं असतं. पण पॅरिटी ही फुकटची राखण आहे, तारेत एक बिट पलटला तर ती पकडते. आठवा बिट आंधळेपणानं उडवला तर राखणदारालाच घरी पाठवल्यासारखं. १४,८७० चा १४,८३० झाला तर कुणाला कळणार? ७ आणि ३ मध्ये एकाच बिटाचा फरक आहे. ठेवली पॅरिटी.

१६ डिसेंबर

दोन दिवसांत अण्णांच्या वहीप्रमाणं २११ गाड्या. बोर्ड आणि स्क्रीन यांत एकदाही फरक नाही. फेकलेल्या ओळी शून्य. खिडकी बंद-उघड करायची सवय मात्र अण्णांनी अजून सोडलेली नाही.

२१ डिसेंबर

कॉम्प्युटर ऑफिसात हलवला. १८० फूट तार, घरात पडून असलेली साधी लॅनची केबल वापरली. बोअरच्या मोटारीसाठी ऑफिस ते केबिन जमिनीतून एक पाइप आधीच गेलाय, त्यातूनच ओढली. खोदकाम वाचलं म्हणून खूश होतो.

मोटार बंद असताना फेकलेल्या ओळी तासाला दोन-चार. मोटार चालू झाली की एका फटक्यात तीस-चाळीस, आणि चालू असेपर्यंत थेंबथेंब चालूच. वजन चुकत नव्हतं, कारण फुटकी ओळ फेकली जाते आणि पाठोपाठ चांगली येते. पण असं सोडून जायला मन घेईना.

आरएस-२३२ ला जुना दंडक ५० फुटांचा, आणि खरं बंधन तारेच्या कपॅसिटन्सचं (तारेत विद्युतभार साठण्याचं माप), २५०० पिकोफॅरड. लॅनच्या केबलला फुटाला १५-१६ पिकोफॅरड धरले तर १८० फुटांना २,८०० च्या आसपास. थोडं वर. २४०० सारख्या कमी स्पीडला एवढं चालून जातं. माझा संशय तारेच्या लांबीपेक्षा मोटारीच्या शेजारावर होता. तरी घाबरून आरएस-४८५ च्या (लांब तारेला चालणारी पद्धत) कन्व्हर्टरची जोडी मागवली, ₹१,४५०. ४८५ ला १,२०० मीटरपर्यंत अडचण नसते.

२८ डिसेंबर

जोडी यायच्या आधीच काम झालं. जाळीवाली दोन जोड्यांची केबल ६० मीटर आणली, ₹१,६८०, आणि ₹६२० चा वेगळा पीव्हीसी पाइप भिंतीवरून फिरवला, मोटारीच्या तारेपासून लांब. एका ठिकाणी ओलांडावंच लागलं, तिथं काटकोनात ओलांडली.

पहिल्या दिवशी जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली. फेकलेल्या ओळी उलट वाढल्या, मोटार बंद असतानासुद्धा. केबिनचं अर्थिंग आणि ऑफिसचं अर्थिंग वेगळं, मीटर लावला तर दोन्हींत दोन-अडीच व्होल्टचा फरक. जाळीतून तो फरक वाहत होता. ऑफिसच्या टोकाची जाळी सोडवून टेप मारला, फक्त केबिनकडं अर्थिंग ठेवलं. मोटार चारदा चालू-बंद केली. शून्य. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी शून्य.

कन्व्हर्टरची जोडी दोन दिवसांनी आली. दुकानात पडून आहे.

२ जानेवारी २०२५

सकाळी सात वाजता फोन, "वजन येईना." गेलो तर ऑफिसात कुणीतरी मोबाइल चार्ज करायला काट्याची वायर काढून शेजारच्या भोकात लावली होती. या वायरचा पोर्ट विंडोजमध्ये कॉम ३ चा कॉम ७ झाला, मधला प्रोग्राम ३ वरच वाट बघत बसलेला. परत जुन्या भोकात लावली, त्यावर लाल टेप. पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला यूएसबी बंद करू देणारी खूणही काढून टाकली. ती पहिल्या दिवशीच काढायची असते.

११ जानेवारी

उद्यापासून सिद्धेश्वरांची यात्रा, तेरा तारखेला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. तोवर इकडचं काम आवरायचं म्हणून शेवटची फेरी. गेल्या चौदा दिवसांत फेकलेल्या ओळी एकूण ३, तिन्ही लाईट जाऊन आली तेव्हाच्या.

खर्च: वायर १,१५०, कनेक्टर १४०, केबल १,६८०, पाइप ६२०, मिळून ₹३,५९०, हे मालकांनी दिले. पहिली २८० ची वायर आणि १,४५० ची कन्व्हर्टर जोडी माझ्या अंगावर. मजुरी ४,००० ठरली होती, तेवढीच घेतली. वाढवून मागायचं तोंड नव्हतं. भाचीला त्यातले हजार दिले, तिनं गड्ड्यासाठी (यात्रेतल्या जत्रेसाठी) म्हणून लगेच घेतले. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती अजून आलेली नाही.

जाताना इंडिकेटरच्या बाजूला, जिथं डिंक होता तिथं, लॅमिनेट केलेला कागद चिकटवला: २४००, ७, इव्हन, १. बोलणारी पिन, जमिनीची पिन, तारखेसह. पासवर्ड लिहिला नाही. खाली "सील तोडू नये" लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली आपल्या अक्षरात भर घातली: "स्पीड बदलायचा असेल तर आधी शिडी आणणे."